बॅटल ऑफ द सेंच्युरी (१९२७) : जाड्या-रड्याची बॉक्सिंगची लढत आणि हरवलेले रीळ

लॉरेल आणि हार्डी या जोडीला आपण मराठी माणसे ‘जाड्या-रड्या’ म्हणत आलो. जाड्या म्हणजे ऑलिव्हर हार्डी आणि रड्या म्हणजे स्टॅन लॉरेल. आमच्या लहानपणी बडोद्यात एक गुबगुबीत आणि एक किडकिडीत अशी दोन मुले शाळेच्या वाटेवर बरोबर दिसली, की त्यांना हे नाव चिकटलेच म्हणून समजा. नाव असे घरचे झाले, तरी या जोडीच्या सुरुवातीच्या मूकपटांतला एक महत्त्वाचा चित्रपट आपल्यापैकी फार थोड्यांनी पुरता पाहिला असेल. तो म्हणजे ‘बॅटल ऑफ द सेंच्युरी’. यात सभासदांचा काही दोष नाही. कित्येक दशके जगात कुठेच हा चित्रपट पुरता पाहायला मिळत नव्हता. मिळत होता तो एक तुकडा, आणि त्या तुकड्यावरूनच लोकांनी संपूर्ण चित्रपटाबद्दल मत बनवले होते. २०१५ मध्ये हरवलेले रीळ सापडले आणि ते मत बदलावे लागले.

या लेखात आम्ही या चित्रपटाची माहिती एकत्र दिली आहे. ज्यांना नातवंडांबरोबर तो पाहायचा आहे त्यांना ती उपयोगी पडेल.

थोडक्यात माहिती

चित्रपट : बॅटल ऑफ द सेंच्युरी. मूकपट, कृष्णधवल, दोन रिळांचा, सुमारे वीस मिनिटांचा.
प्रदर्शन : ३१ डिसेंबर १९२७.
निर्माता : हॅल रोच. वितरण मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीचे.
दिग्दर्शक : क्लाइड ब्रकमन. देखरेख लिओ मॅकॅरी.
छायाचित्रण : जॉर्ज स्टीव्हन्स.
पडद्यावरील मजकूर : एच. एम. वॉकर.
प्रमुख कलाकार : स्टॅन लॉरेल (मुष्टियोद्धा कॅनव्हासबॅक क्लम्प), ऑलिव्हर हार्डी (त्याचा मॅनेजर), नोआ यंग (प्रतिस्पर्धी थंडरक्लॅप कॅलाहन), सॅम लुफकिन (पंच), यूजीन पॅलेट (विमा एजंट), चार्ली हॉल (पाईवाला), अनिता गार्विन आणि डोरोथी कोबर्न.

नावांतही विनोद आहे. मुष्टियुद्धाच्या रिंगणात खाली कॅनव्हासचे जाड कापड अंथरलेले असते. ज्याची पाठ सतत त्या कापडाला लागलेली असते, तो ‘कॅनव्हासबॅक’. कुस्तीच्या भाषेत सांगायचे, तर रोज चीतपट होणारा पैलवान. आणि ‘थंडरक्लॅप’ म्हणजे विजेचा कडकडाट. लढतीचा निकाल नावांतच जाहीर करून टाकला आहे.

जोडी कशी जमली

स्टॅन लॉरेलचे खरे नाव आर्थर स्टॅन्ली जेफरसन. जन्म १६ जून १८९०, इंग्लंडमधील अल्व्हर्स्टन या गावी. फ्रेड कार्नो यांच्या नाटक मंडळीतून तो १९१० मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. त्याच मंडळीत चार्ली चॅप्लिन मुख्य नट होता आणि लॉरेल त्याचा बदली नट. ऑलिव्हर हार्डीचा जन्म १८ जानेवारी १८९२ चा, अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या हार्लेम गावचा. दोघेही बरीच वर्षे स्वतंत्रपणे चित्रपटांत काम करत होते. कॅलिफोर्नियात कल्व्हर सिटी येथे हॅल रोच यांचा स्टुडिओ होता. तिथे १९२७ मध्ये ही जोडी खऱ्या अर्थाने जमली.

त्या स्टुडिओत त्या वेळी किती गुणी माणसे एका छपराखाली होती, हेही पाहण्यासारखे आहे. ब्रकमन यांनी बस्टर कीटनबरोबर ‘द जनरल’ या प्रसिद्ध चित्रपटाचे दिग्दर्शन केले होते. मॅकॅरी आणि छायाचित्रकार स्टीव्हन्स या दोघांनाही पुढे उत्कृष्ट दिग्दर्शनाची ऑस्कर पारितोषिके मिळाली, आणि प्रत्येकाला दोन वेळा. वीस मिनिटांच्या हसवणुकीच्या चित्रपटामागे अशी माणसे उभी होती.

नावामागची खरी लढत

‘शतकातील लढत’ हे शब्द प्रेक्षकांच्या ओळखीचे होते. २ जुलै १९२१ रोजी न्यू जर्सीत जॅक डेम्प्सी आणि फ्रान्सचा जॉर्ज कार्पेंतिए यांच्यात झालेल्या सामन्याची जाहिरात याच शब्दांत झाली होती. मुष्टियुद्धाच्या एका सामन्याचा गल्ला दहा लाख डॉलरच्या वर जाण्याची ती पहिली वेळ.

चित्रपटातल्या विनोदाचा आधार मात्र त्याहून ताज्या घटनेत आहे. २२ सप्टेंबर १९२७ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर जीन टनी आणि जॅक डेम्प्सी यांचा सामना झाला. एक लाखाहून अधिक प्रेक्षक होते. टनीने आदल्याच वर्षी डेम्प्सीकडून जगज्जेतेपद घेतले होते आणि डेम्प्सीला ते परत हवे होते.

ज्यांना मुष्टियुद्धाचे नियम ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण. एक योद्धा खाली पडला, की पंच एक ते दहा आकडे मोजतो. दहाच्या आत उठला नाही तर तो हरला. पण मोजणी सुरू होण्यासाठी मारणाऱ्याने दूरच्या मोकळ्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले पाहिजे, असा नियम या सामन्यात होता. सातव्या फेरीत डेम्प्सीने टनीला खाली पाडले. आणि जुन्या सवयीने तो तिथेच, पडलेल्या माणसाच्या डोक्यावर उभा राहिला. पंच त्याला कोपऱ्यात जायला सांगत राहिला. तो गेल्यावर पंचाने मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली. टनी नऊच्या आकड्याला उठला, पण प्रत्यक्षात त्याला सुमारे चौदा सेकंद मिळाली होती. दहा फेऱ्यांनंतर टनी गुणांवर जिंकला. हा सामना ‘लांब मोजणीचा सामना’ म्हणून इतिहासात राहिला आणि त्यावरचे वाद पुढे अनेक वर्षे चालले.

सामन्यानंतर काही दिवसांतच रोच यांच्या स्टुडिओने त्यावर चित्रपट करायला घेतला, आणि वर्ष संपायच्या आत तो पडद्यावर आला. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या मेळ्यांत त्या वर्षीच्या घडामोडींवर सोंगे निघत, तशातलाच हा प्रकार. प्रेक्षकाला मूळ घटना ठाऊक असते, म्हणून हसू लवकर येते.

कथानक : पहिले रीळ

रिंगणाच्या एका कोपऱ्यात क्लम्प बसला आहे. आपण कुठे आहोत, समोर कोण आहे, याचा त्याला पत्ता नाही. मॅनेजर त्याला धीर देतो, त्याच्यावर ओरडतो, हताश होतो. समोर कॅलाहन म्हणजे अंगापिंडाने दैत्य. ही भूमिका करणारा नोआ यंग मूळचा वजन उचलणारा पैलवान होता, आणि हॅरॉल्ड लॉइडच्या विनोदपटांतूनही तो दिसतो.

लढत सुरू होते आणि न घडणारी गोष्ट घडते. क्लम्पचा एक ठोसा चुकून लागतो आणि कॅलाहन आडवा होतो. आता दहा आकडे मोजले, की क्लम्प विजयी. पण क्लम्प कोपऱ्यात जात नाही. पंच त्याला हाकलतो, तो परत येतो. पंच समजावतो, हा त्याच्याशीच हुज्जत घालतो. मॅनेजरचा जीव कासावीस. एवढ्या वेळात कॅलाहन शुद्धीवर येतो, उठतो, आणि क्लम्पची पाठ नेहमीच्या जागी टेकवतो.

आमच्या मते या रिळातली मजा ठोशांत नाही. माणसाच्या हातात आयते आलेले यश तो स्वतःच कसे घालवतो, ही खरी गंमत आहे. बँकेच्या नोकरीत आम्ही असे कर्जदार पाहिले. सवलतीची मुदत दिली, फक्त एक सही करायची बाकी, आणि गृहस्थ सही सोडून शाखेतल्या पंख्याबद्दल तक्रार करत बसले, ती दुपारी व्यवहाराची वेळ संपेपर्यंत. क्लम्पला पाहताना त्यांची आठवण होते.

एक बारीक गोष्ट लक्ष देऊन पाहावी. रिंगणाजवळच्या प्रेक्षकांत एक गोल चेहऱ्याचा तरुण बसलेला दिसतो. तो लू कॉस्टेलो. पुढे अॅबट आणि कॉस्टेलो या जोडीतला कॉस्टेलो म्हणून तो जगभर गाजला. त्या वेळी मात्र तो गर्दीतला एक होता.

मधला सांधा : विम्याची पॉलिसी

लढत हरल्यावर मॅनेजरच्या खिशात काही उरत नाही. तेव्हा एक विमा एजंट त्याला गाठतो. ही भूमिका यूजीन पॅलेट याने केली आहे. बोलपटांच्या काळात याच पॅलेटचा घोगरा आवाज प्रसिद्ध झाला, आणि १९३८ च्या ‘रॉबिन हूड’ चित्रपटात फ्रायर टक त्यानेच रंगवला. एजंटची कल्पना सोपी आहे. क्लम्पचा अपघात विमा उतरवा, त्याला अपघात झाला की पैसे मिळतील. मॅनेजरला ती फारच पटते.

आम्ही बी.कॉम.ला विमा हा विषय शिकलो आणि पुढे बँकेच्या परीक्षांतही तो आलाच. विमा उतरवणाऱ्याला ती वस्तू किंवा माणूस सुरक्षित राहण्यात हित असले पाहिजे, हे त्यातले पहिले तत्त्व. त्यालाच ‘इन्शुरेबल इंटरेस्ट’ म्हणतात. आणि विमा मिळाला की माणूस निष्काळजी होतो, प्रसंगी नुकसान ओढवूनही घेतो, या धोक्याला ‘मॉरल हॅझर्ड’ म्हणतात. पाठ्यपुस्तकात हे दोन परिच्छेद रटाळ वाटायचे. इथे हार्डी केळ्याचे साल घेऊन रस्त्यावर उभा राहतो आणि सगळे एका दृश्यात समजते. आपल्याच माणसाचा पाय घसरावा म्हणून तो साल टाकतो.

दुर्दैवाने विम्याचे हे दृश्य आजही सापडलेले नाही. पुनरुज्जीवित प्रतीत त्याच्या जागी स्थिरचित्रे आणि मजकूर घातलेला आहे. बॉक्सिंग आणि पुढची धमाल यांना जोडणारा सांधाच गायब आहे. म्हणून पाहण्यापूर्वी ही गोष्ट माहीत असणे बरे. नाही तर दोन वेगळे चित्रपट चिकटवले आहेत असे वाटते.

कथानक : दुसरे रीळ

पाई म्हणजे मैद्याच्या कवचात फळांचे किंवा मलईचे सारण भरून भट्टीत भाजलेला गोड पदार्थ. आपल्या करंजीचा पसरट, ताटाएवढा भाऊबंद म्हणा. जुन्या हिशेबातली पै वेगळी.

हार्डीने टाकलेल्या सालावरून लॉरेल घसरत नाही. घसरतो तो पाई भरलेला ट्रे घेऊन येणारा पाईवाला. ही भूमिका चार्ली हॉलची. हा मूळचा बर्मिंगहॅमचा बुटका इंग्रज या जोडीच्या सुमारे पन्नास चित्रपटांत दिसतो आणि बहुतेक वेळा रागावलेलाच असतो. हार्डी साल हळूच लॉरेलच्या हातात सरकवून नामानिराळा होऊ पाहतो. पाईवाल्याला ते कळते आणि हार्डीच्या तोंडावर पाई बसते. परत मारलेली पाई नेम चुकून भलत्याच बाईला लागते. मग ती बाईही या भांडणात उतरते.

इथून पुढे रस्त्यावरचा एकेक माणूस ओढला जातो. दाताच्या डॉक्टरसमोर तोंड उघडून बसलेला रुग्ण, बूट पॉलिश करून घेणारा गृहस्थ, फोटो काढून घ्यायला ऐटीत उभा राहिलेला माणूस, सगळे. पाईची गाडी जवळच उभी असते, त्यामुळे माल संपण्याची काळजी नाही. शेवटी अनिता गार्विन कोपऱ्यावरून झोकात येते, जमिनीवरच्या पाईवर घसरून बसते, काय झाले ते कळेपर्यंत तशीच राहते, मग उठून पाय झटकते आणि आब राखून निघून जाते. ती एकही पाई फेकत नाही. तरीही त्या रिळातले सर्वात मोठे हसू तिचेच आहे, असे आम्हाला वाटते. अखेरीस पोलीस येतो. रस्ताभर मलई सांडलेली असताना हे दोघे काही घडलेच नाही असा चेहरा करतात. मग त्या पोलिसालाही एक पाई लागते आणि दोघे पळत सुटतात.

तीन हजार पाई कशासाठी

१९२७ पर्यंत पाई फेकण्याचा विनोद शिळा झाला होता. १९१३ च्या सुमारास कीस्टोन कंपनीच्या चित्रपटांपासून तो चालत आला होता. ‘आता पाई नको’ असेच विनोदकारांत बोलले जाई. लॉरेलने उलटा विचार केला. पाईचे दृश्य करायचेच असेल तर इतक्या पाई फेकाव्यात, की पुन्हा कोणी त्या वाटेला जाऊ नये. त्याच्याच सांगण्यानुसार त्यासाठी एका पाई कंपनीचे दिवसभराचे उत्पादन, म्हणजे सुमारे तीन हजार पाई, विकत घेतल्या गेल्या. त्या आकड्याबद्दल वेगवेगळी विधाने आढळतात. पण पडद्यावरचा ढीग पाहिल्यावर आकड्याबद्दल भांडावेसे वाटत नाही.

अमेरिकन लेखक हेन्री मिलर यांनी १९३० च्या दशकातल्या एका निबंधात या चित्रपटाला विनोदपटांत सर्वोच्च स्थान दिले होते. त्यानंतर मात्र चित्रपट दिसेनासा झाला.

रीळ हरवले कसे

त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती ज्वलनशील, आणि नीट न ठेवल्यास चिकट होऊन शेवटी तिची पूड होते. शिवाय बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारात किंमत उरली नाही. ज्या वस्तूची खतावणीत किंमत शून्य, तिच्या साठवणुकीचा खर्च कोण करणार? अमेरिकेतल्या बहुसंख्य मूकपटांचे असेच झाले.

१९५७ च्या अखेरीस रॉबर्ट यंगसन यांनी ‘द गोल्डन एज ऑफ कॉमेडी’ हा संकलनपट काढला. जुन्या मूकपटांतले निवडक भाग त्यात एकत्र केले होते. त्यात त्यांनी पाईच्या दृश्यातील काही मिनिटे घेतली. तोवर मूळ निगेटिव्ह टिकून होती, नंतर ती खराब झाली. त्या संकलनामुळे लॉरेल-हार्डी नव्या पिढीला पुन्हा माहीत झाले. हार्डी ७ ऑगस्ट १९५७ रोजी वारला होता, त्यामुळे हे पुनरागमन त्याला पाहता आले नाही. लॉरेलने ते पाहिले. तो १९६५ मध्ये वारला.

बॉक्सिंगचे पहिले रीळ १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात चित्रपट इतिहासकार लिओनार्ड माल्टिन यांना आढळले. दुसरे रीळ मात्र त्या संकलनातल्या तुकड्यापुरतेच उरले आहे, असे सगळे धरून चालले होते.

जून २०१५ मध्ये चित्रपट संग्राहक आणि मूकपटांना पियानोची साथ करणारे जॉन मिरसॅलिस यांनी जाहीर केले, की दुसरे रीळ त्यांना सापडले आहे. यंगसन यांच्याकडची १६ मिलिमीटरची एक प्रत पुढे दुसऱ्या एका संग्राहकाकडे गेली होती. त्या संग्रहातले डबे तपासताना ती हाती लागली. डबा कोणी लपवला नव्हता. तो उघडून पाहिलेला नव्हता, इतकेच. पॅरिसच्या लॉब्स्टर फिल्म्स या संस्थेने चित्रपटाचे पुनरुज्जीवन केले आणि त्याच वर्षी तो महोत्सवांतून दाखवला गेला. २०२० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत त्याची नोंद झाली.

रीळ सापडल्यावर काय कळले

आमच्या मते या सगळ्या हकिकतीचे मोल इथे आहे. संकलनात फक्त गोंधळाचा कळस होता, म्हणजे सगळीकडून उडणाऱ्या पाई. त्यावरून समज झाला, की हे निव्वळ धिंगाणा घालणारे दृश्य आहे. पूर्ण रीळ पाहिले तर तसे नाही. सुरुवात सावकाश आहे. ज्याला पाई लागते तो आधी थांबतो. डोळ्यांवरचे सारण पुसतो. कोणी मारली ते शोधतो. मग चालत येऊन आपली पाई उचलतो. बाकीचे तोवर वाट पाहतात. दुहेरी जमाखर्चात नावे टाकलेल्या प्रत्येक रकमेला जमेची बाजू असते, तसा इथे प्रत्येक पाईचा हिशेब आहे. पाईवाला हार्डीला मारतो त्याला कारण आहे, बाई येते तिला कारण आहे. खाती वाढत जातात, आणि शेवटी इतकी होतात की ताळा जुळवणे कोणालाच जमत नाही. तेव्हा तो गोंधळ होतो.

हीच पद्धत पुढे लॉरेल-हार्डीची ओळख ठरली. ‘टू टार्स’ (१९२८) मध्ये मोटारींची आणि ‘बिग बिझनेस’ (१९२९) मध्ये एका घराची मोडतोड याच शिस्तीने होते. एक मारतो, दुसरा थांबून पाहतो, मग दुसऱ्याची पाळी. त्या वाटेवरचा सुरुवातीचा टप्पा आपल्याला अठ्ठावन्न वर्षे अर्धवट दिसत होता. बॉक्सिंगच्या रिंगणातही तेच होते. तिथे पंच मोजणी करतो. रस्त्यावर मोजणारा कोणी नाही, तरी लोक आपापली पाळी पाळतात.

आपल्याकडची गोष्ट

असे नुकसान आपलेही झाले आहे. दादासाहेब फाळके यांनी आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले, हे सभासदांना ठाऊक आहेच. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात प्रदर्शित झालेला त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा होता. आज पाहायला मिळतात ती पहिले आणि शेवटचे, अशी दोनच. तीही १९१७ मध्ये त्यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचा १९२५ चा मूकपट ‘सावकारी पाश’ तर उरलेलाच नाही. भारतात सुमारे तेराशे मूकपट निघाले आणि हाती उरले ते जेमतेम तीस, तेही बरेचसे तुकड्यांत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झाले. तिथल्या पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून जे गोळा केले, त्यामुळे एवढे तरी आहे.

म्हणून एक विनंती. आपल्या घरांतही मुंजी-लग्नांच्या, नाटकांच्या, मंडळाच्या जुन्या कार्यक्रमांच्या व्हीएचएस कॅसेटी आणि काहींकडे आठ मिलिमीटरच्या फिल्म्स माळ्यावर पडलेल्या असतील. बडोद्याचा पावसाळा कॅसेटीला बुरशी आणतो. फिल्मच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर ती खराब होऊ लागली आहे असे समजावे. अशा वस्तू कोरड्या, थंड जागी आणाव्यात, डब्यावर साल आणि माणसांची नावे लिहावीत, आणि जाणकाराकडून डिजिटल प्रत करून ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. चित्रातली माणसे ओळखणारे वडीलधारे आज आहेत. नावे आजच विचारून घ्यावीत.

बॉक्सिंगवरचे इतर विनोदपट

हा विषय आवडला तर पुढील चित्रपटही पाहावेत.

द नॉकआउट (१९१४) : मुख्य भूमिकेत रॉस्को आर्बकल. चॅप्लिन यात पंच आहे आणि सर्वात जास्त मार तोच खातो.
द चॅम्पियन (१९१५) : चॅप्लिन हातमोज्यात घोड्याचा नाल लपवतो. त्याचा बुलडॉगही लढतीत भाग घेतो.
सिटी लाइट्स (१९३१) : पूर्ण लांबीचा चित्रपट. त्यातील बॉक्सिंगच्या दृश्यात चॅप्लिन पंचाच्या आड लपून नाचावे तसा लढतो.
एनी ओल्ड पोर्ट (१९३२) : लॉरेल-हार्डीचाच बोलपट. यातही लॉरेल रिंगणात उतरतो.
पंच ड्रंक्स (१९३४) : थ्री स्टूजेस या त्रिकुटाचा. एक ठरावीक सूर ऐकला, की त्यातला कर्ली चवताळतो आणि समोरच्याला लोळवतो.

पाहताना

‘बॅटल ऑफ द सेंच्युरी’ अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून स्वामित्व हक्कातून मुक्त झाला आहे. त्यामुळे त्याच्या अनेक प्रती फिरतात, आणि काहींत अजूनही जुना तुकडाच असतो. पुनरुज्जीवित प्रत २०२३ मध्ये लॉरेल-हार्डीच्या १९२७ च्या मूकपटांच्या ब्लू-रे संचात आली, ती पाहावी. प्रत कोणती हे ओळखण्याची खूण सोपी आहे. सुरुवातीला बॉक्सिंग असेल, मध्ये विम्याच्या प्रसंगाची स्थिरचित्रे असतील आणि पाईची लढाई सावकाश चढत जाईल, तर ती योग्य प्रत. लहान मुलांना पडद्यावरचा मजकूर मोठ्याने मराठीत सांगत जावे. बाकी समजावण्याची गरज पडत नाही.

याच १९२७ सालातला या जोडीचा ‘हॅट्स ऑफ’ हा मूकपट मात्र अजून कुठेच सापडलेला नाही. संग्राहक त्याच्या शोधात आहेत.